आभार मानायच्या आधी काय घडलं ते सांग

पत्र असं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

"ताई, मी एका धर्मादाय हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स होऊन दोन वर्षं झाली, इथे लागून आठ महिने. प्रोबेशन अजून संपलेलं नाही. गेल्या महिन्यात माझी नाइट होती, अठ्ठावीस पेशंट आणि आम्ही दोघी. एका आजींना रात्रीच्या जेवणाआधी १२ युनिट प्लेन इन्शुलिन द्यायचं होतं. स्टोअरमधलं संपलं होतं, म्हणून नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून व्हायल आणली. मी ट्रॉलीवरची लाल टोपणाची सिरिंज घेतली, १२ च्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. आजी नीट जेवल्या.

साडेअकराला वॉर्डातल्या मावशी भांडं द्यायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, 'सिस्टर, या आजी घामानं निथळायल्यात, काय बोलतात कळंना.' एचजीटी, म्हणजे बोटातून तपासलेली शुगर, ४२ आली. हाउसमन, म्हणजे ड्यूटीवरचे ज्युनियर डॉक्टर, धावत आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, आजी शुद्धीवर आल्या. रात्री दोनला व्हायल फ्रिजमध्ये परत ठेवताना माझं लेबलकडे लक्ष गेलं. ती १०० युनिट प्रति मिलीची होती, आणि लाल सिरिंज ४० च्या व्हायलसाठी असते. मी कुणालाच सांगितलं नाही. पहाटे नोट्समध्ये 'पेशंटने जेवण कमी घेतल्याने शुगर कमी झाली' असं लिहिलं.

सकाळी राउंडला सर भडकले. 'पेशंट जेवली नव्हती तर इन्शुलिन दिलंच कसं? वॉर्डात लक्ष कोणाचं असतं?' इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, 'वॉर्ड माझा आहे सर. चूक माझी.' मी शेजारी उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. त्यांना मेमो मिळाला. मला त्यांनी आजपर्यंत एका शब्दानं विचारलेलं नाही. आजी चौथ्या दिवशी घरी गेल्या. मावशींच्या हातात मी पाचशे रुपये ठेवले. सिस्टरसाठी साडी आणून ठेवली आहे, द्यायचा धीर होत नाही. त्यांच्यासमोर मान वर होत नाही. इन्शुलिन भरताना हात थरथरतो. त्यांचे आभार कसे मानू? आणि खरं सांगितलं तर नोकरी जाईल का?"

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. एक गोष्ट सदराच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. बाकीच्या वाचकांनाही ती कळावी म्हणून इथे पुन्हा लिहिते.

ती व्हायल आजींच्या पैशांची होती, म्हणजे डिस्चार्जच्या वेळी औषधांच्या पिशवीतून ती त्यांच्या घरी गेली असणार. घरात सून किंवा मुलगा इन्शुलिन देत असेल आणि गावातल्या मेडिकलमधून त्यांनी लाल टोपणाच्या सिरिंज आणल्या असतील, तर तुझ्या हातून एकदा झालं ते त्या घरात रोज होऊ शकतं. तिथे रात्री मावशी नाहीत, ग्लुकोमीटर नाही, डेक्स्ट्रोज नाही. दुसरंही एक बघ. १२ युनिटवर शुगर ४२ वर आली असं केसपेपर सांगतो. मग डॉक्टरांनी डिस्चार्जचा डोस कशाच्या आधारावर ठरवला असेल? तुझ्या नोट्सच्याच. आजींना प्रत्यक्षात ३० युनिट गेलं होतं हे त्यांना माहीत नाही. म्हणून मी तुला लिहिलं की आधी डॉक्टरांना किंवा इनचार्जना सांग आणि आजींच्या घरी आजच फोन जाऊ दे. नंबर केसपेपरवर असतो.

हे इतकं तपशीलात सांगण्याचं कारण असं की तू मला आभारांबद्दल विचारलं आहेस, आणि तुझ्या आभारांची सगळी अडचण इथेच आहे. मदत करणाऱ्यांबद्दल तुझ्या मनात खूप काही आहे, ते पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. पण त्यांनी तुला नेमकं कशातून सोडवलं, हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नाही. इनचार्ज सिस्टरनी जी चूक अंगावर घेतली, ती घडलेलीच नाही. उपाशी पेशंटला इन्शुलिन दिल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला, आणि आजी तर पोटभर जेवल्या होत्या. अशा माणसाच्या हातात साडी ठेवून तू काय म्हणणार? 'तुम्ही मला वाचवलंत' म्हणालीस, तर कशापासून, हा प्रश्न येणारच.

तेव्हा आधी चूक. ती नीट उलगडून बघू, कारण तू पत्रात सगळं एकाच गाठोड्यात बांधून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आहेस.

व्हायलचा घोटाळा भारतातल्या वॉर्डांत जुना आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिज १०० च्या असतात, आणि काही कंपन्यांच्या व्हायलही १०० च्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात, रात्री आठला, आधीच्या शिफ्टकडून ओव्हर घेता घेता, हातातली बाटली नेहमीपेक्षा वेगळी आहे हे लक्षात यायला डोकं थोडं रिकामं असावं लागतं. लाल सिरिंजची १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिली. त्यात ४० चं इन्शुलिन भरलं तर १२ युनिट, १०० चं भरलं तर ३०. अडीच पट. प्लेन इन्शुलिनचा जोर दोन ते चार तासांत सर्वांत जास्त असतो, म्हणून साडेअकराला आजी घामाने निथळत होत्या.

यात तुझा वाटा आहेच. लेबल वाचणं तुझं काम होतं, आणि इन्शुलिन भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला दाखवून घेणं हेही. पण स्टोअरमधलं इन्शुलिन संपणं, बाहेरून आलेली व्हायल कुणीही न तपासता सरळ ट्रॉलीवर येणं, १०० ची व्हायल आली तर तिच्या जोडीची सिरिंज वॉर्डात नसणं, अठ्ठावीस पेशंटला दोघी असणं, हे तुझ्या एकटीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांवर जगभर मोहीम सुरू केली, तेव्हा पाच वर्षांत अशी टाळता येण्याजोगी गंभीर हानी निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या मोहिमेचा मोठा भर औषध लिहिणं, ठेवणं, देणं आणि तपासणं यांची पद्धत सुधारण्यावर होता. 'नर्सनो, अधिक लक्ष द्या' एवढंच सांगून भागत असतं तर मोहिमेची गरजच पडली नसती. दरवर्षी १७ सप्टेंबरला, रुग्णसुरक्षा दिनाला, आपल्या हॉस्पिटलांतही पोस्टर लागतात. पण वॉर्डातली खरी घटना कागदावर आली नाही तर पद्धत बदलणार कोण आणि कशाच्या आधारावर?

तुझ्या नोट्समुळे तुमच्या हॉस्पिटलने आता काय केलं असेल, याचा विचार कर. 'पेशंट जेवल्याची खात्री केल्याशिवाय इन्शुलिन देऊ नये' अशी सूचना निघाली असेल, सगळ्या सिस्टरांच्या सह्या झाल्या असतील. सूचना चांगलीच आहे. पण १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज अजूनही त्याच ट्रॉलीवर शेजारी शेजारी आहेत, आणि पुढच्या नाइटला तुझ्यासारखीच कुणीतरी मुलगी तिथे उभी असेल.

नोट्समधलं ते वाक्य मात्र सर्वस्वी तुझं आहे. ते थकव्याने झालं नाही, घाईत झालं नाही. दोन वाजता तुला कळलं, पहाटे तू लिहिलंस, मधले दोन-तीन तास तू विचार केलास. तुला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. तुझी झोप उडाली आहे ती याच वाक्यामुळे, असं मला वाटतं. सिरिंजच्या चुकीसाठी तू कधीच रडून मोकळी झाली असतीस. शिवाय त्या रात्री हाउसमनला ३० युनिटचं कळलं असतं तर त्यांनी किती वेळ, किती वेळा शुगर बघायची हे वेगळं ठरवलं असतं. त्यांनी १२ युनिट समजून हिशोब केला. आजी वाचल्या, यात त्यांची तत्परता आहे आणि नशीबही आहे.

राउंडच्या वेळच्या तुझ्या गप्प बसण्याबद्दल मी फार काही बोलणार नाही. कन्सल्टंटच्या आवाजापुढे, पेशंट आणि नातेवाइकांच्या देखत, आठ महिन्यांच्या नर्सचा आवाज फुटत नाही. तो त्या क्षणी फुटायलाच हवा होता असा माझा आग्रह नाही. दुपारी, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात बोलता आलं असतं. आताही येईल.

कसं बोलायचं ते सांगते. इनचार्ज सिस्टरना ड्यूटीच्या मध्ये गाठू नकोस. मॉर्निंग संपता संपता, त्या रजिस्टर लिहायला बसतात तेव्हा, 'सिस्टर, दहा मिनिटं हवीत, दार लावून' असं सांग. आणि सुरुवात माफीने करू नकोस, घटनेने कर. 'सिस्टर, त्या रात्री आजी जेवल्या होत्या. नोट्समध्ये मी खोटं लिहिलं. व्हायल १०० ची होती आणि मी लाल सिरिंजने भरलं. १२ ऐवजी ३० युनिट गेलं. मला दोन वाजता कळलं होतं. तुम्ही माझ्यावरचं स्वतःवर घेतलंत आणि मी गप्प राहिले. मी हे आज लिहून देणार आहे.' एवढंच. एका दमात म्हणता येईल इतकं लहान ठेव. घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघ.

त्यानंतर त्यांना बोलू दे. त्या चिडतील. चिडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत कदाचित पहिला मेमो असेल तो, आणि तोही खोट्या कारणासाठी. तू रडायला लागलीस तर त्यांना आपला राग गिळून तुझी समजूत काढावी लागेल, म्हणजे पुन्हा तुझंच ओझं त्यांच्यावर. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण 'मी किती वाईट आहे, मी नोकरीच सोडते' हे सूर लावू नकोस. त्या खोलीत बोलायचा विषय तू किती वाईट आहेस हा नाही. त्यांचा मेमो आणि आजींचा डोस, हे दोन विषय आहेत.

आभाराचं वाक्य सगळ्यात शेवटी, आणि तेही नेमकं. 'तुम्ही खूप चांगल्या आहात' असलं काही नको. 'सरांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत आणि नंतरही मला चारचौघांत विचारलं नाहीत, हे मी विसरणार नाही.' केलेल्या गोष्टीचं नाव घेऊन आभार मानले की समोरच्याला कळतं, हिने पाहिलं होतं.

मग कागदाचं काम. तुमच्याकडे इन्सिडंट फॉर्म असेल तर तो भर. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलांत असतोच, कारण अशा घटनांची नोंद आणि कारणांची तपासणी हा मानांकनाचाच भाग आहे. नसेल तर साध्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिही, दोन प्रती कर, एकीवर पोच घे. इनचार्ज सिस्टरना मिळालेल्या मेमोचा त्यात स्पष्ट उल्लेख कर आणि हे निवेदन त्या मेमोसोबत फाइलला लावावं अशी लेखी विनंती कर. हे एक वाक्य साडीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. त्यांच्या सेवापुस्तकात किंवा फाइलमध्ये जे लागलं आहे ते तोंडी माफीने पुसलं जात नाही.

जुन्या नोट्सना हात लावू नकोस. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, पान बदलणं तर अजिबात नाही. अधीक्षकांच्या परवानगीने आजची तारीख आणि वेळ टाकून उशिराची नोंद म्हणून खरी माहिती लिही आणि पूर्ण सही कर. कुणी तयार मजकूर पुढे करून 'इथे सही कर' म्हणालं तर वाचल्याशिवाय करू नकोस, आणि घडलं नाही असं काही त्यात असेल तर मुळीच करू नकोस. खरं बोलायला निघालेल्या माणसाकडून घाईघाईत नको ते कबूल करून घेणारेही असतात.

आजींच्या घरच्यांना कोणी सांगायचं? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. तू परस्पर फोन करून 'माझ्याकडून चूक झाली' असं सांगू नकोस. त्यात तुला बरं वाटेल, पण त्यांच्या पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे नसतील. डॉक्टर बोलतील तेव्हा मी हजर राहायला तयार आहे, एवढं लेखी दे. नातेवाईक खवळतील ही भीती खरी आहे, हॉस्पिटलांत मारहाणीचे प्रकार घडतात आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. तरी माझं मत असं की ज्यांना हॉस्पिटलने स्वतःहून बोलावून सांगितलं त्यांचा राग आणि ज्यांना तिसऱ्याकडून कळलं त्यांचा राग, यात फार अंतर असतं. आपल्या शरीरात काय गेलं हे कळायचा आजींना हक्क आहे.

आता मावशी.

तुझ्या पत्रात सिस्टरबद्दल इतकं आहे आणि मावशींबद्दल दोनच ओळी: त्या ओरडल्या, आणि तू पाचशे रुपये दिलेस. मला मात्र पूर्ण पत्रात सर्वांत मोठं काम त्यांचंच दिसलं. त्या रात्री काय झालं ते बघ. भांडं द्यायला गेलेल्या बाईने अंधारात पेशंटच्या अंगाला हात लावून बघितला. घाम बघितला. 'आजी झोपेत असतील' म्हणून पुढे गेल्या नाहीत. बोलणं नेहमीसारखं नाही हे त्यांना जाणवलं, म्हणजे त्या आजींशी आधी बोललेल्या होत्या, आजी एरवी कशा बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनी तिथूनच हाक मारली, सिस्टर रागावतील का याचा विचार न करता. शुगर उतरल्याची हीच लक्षणं आपल्याला पहिल्या वर्षाला पाठ करायला लावतात. त्यांना ती कुणी शिकवलेली नाहीत. अर्धा तास उशीर झाला असता तर आजींना झटके येऊ शकले असते, कदाचित त्यांनी डोळे उघडलेच नसते.

मावशी बहुतेक ठेकेदारामार्फत लागलेल्या असतात. ओव्हर देताना त्यांना कुणी काही विचारत नाही, राउंडला त्या भिंतीला लागून उभ्या असतात. कौतुक डॉक्टरांचं होतं, मेमो सिस्टरला मिळतो, मावशींच्या वाट्याला दोन्हीतलं काही येत नाही. १२ मेला परिचारिका दिन असतो, केक येतो, फुलं येतात, फोटो निघतात. तो केक कापल्यावर प्लेटा उचलायचं कामही मावशींचंच असतं. मी अनेक वॉर्डांत हे पाहिलं आहे आणि दरवेळी मला ते खटकलं आहे.

तुझे पाचशे रुपये. ते तू कृतज्ञतेने दिलेस असं तुला वाटतं आणि त्यात खोटं नाही. पण मावशींच्या बाजूने बघ. घटनेनंतर सिस्टर एकटीला गाठते आणि काही न बोलता हातात नोट ठेवते. याचा अर्थ त्या काय लावतील? गप्प राहायचे पैसे. त्यांनी आजींचा जीव वाचवला आणि तू त्यांना स्वतःच्या लपवाछपवीत ओढलंस. पैसे परत मागू नकोस, तो आणखी अपमान होईल. त्यांना सांग, 'मावशी, ते पैसे मी घाबरून दिले होते. तुम्ही कुणालाही काहीही सांगायला मोकळ्या आहात, मी स्वतःच सगळं सांगितलं आहे.' आणि मग त्यांना समजावून सांग की त्यांनी जे पाहिलं ते काय होतं. घाम, गार हात, बरळणं म्हणजे शुगर उतरली. डायबेटिसच्या कुठल्याही पेशंटमध्ये हे दिसलं की असंच ओरडायचं, रात्री कितीही वाजले असले तरी. आपण काय ओळखलं होतं हे कळण्याइतका मोठा मान दुसरा नाही, आणि तो देणं तुझ्या हातात आहे.

तुझ्या अर्जात त्यांचं पूर्ण नाव येऊ दे. 'पेशंटची लक्षणं सर्वप्रथम अमुक यांच्या लक्षात आली व त्यांनी तत्काळ कळवलं.' नुसतं 'मावशी' लिहू नकोस. आठ महिने एकत्र काम करूनही त्यांचं आडनाव तुला माहीत नसेल, तर आधी ते विचार. इनचार्ज सिस्टरना विनंती कर की हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर हे वाचून दाखवावं. हाउसमनचं आणि त्या रात्रीच्या तुझ्या सोबतिणीचंही नाव घे. तू आजींपाशी होतीस तेव्हा उरलेले सत्तावीस पेशंट तिने एकटीने सांभाळले असणार.

साडी सध्या कपाटात राहू दे. आज दिलीस तर ती मेमोची भरपाई वाटेल आणि सिस्टरना ती नेसता येणार नाही. त्यांच्या मुलीचं लग्न असेल, त्या निवृत्त होतील, तुमचं बोलणंचालणं सरळ झालेलं असेल, तेव्हा दे. तोवर करण्यासारखं दुसरं बरंच आहे. गौरी-गणपतीत त्यांना सुट्टी हवी असेल तर तुझा ऑफ पुढे कर. महिन्याच्या इंडेंटला, म्हणजे स्टोअरकडे सामानाची मागणी लिहायला, त्यांच्यासोबत बस. बाहेरून आलेल्या प्रत्येक व्हायलवर किती युनिटची ते मोठ्या अक्षरांत लिहून मगच ती ट्रॉलीवर ठेवायची, ही पद्धत वॉर्डात लावायला त्यांना मदत कर.

नोकरीचं काय, हे तू विचारलंस आणि मी ते मुद्दाम मागे ठेवलं, कारण याचं उत्तर मी हमखास देऊ शकत नाही. प्रोबेशनवर असताना मेमो मिळू शकतो, प्रोबेशन लांबू शकतं, वाईट व्यवस्थापन असेल तर नोकरी जाऊही शकते. तसं होणार नाही असं सांगून मी तुला पुढे ढकलणार नाही. जायच्या आधी एखाद्या अनुभवी, तुमच्या हॉस्पिटलबाहेरच्या सिस्टरशी बोल. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८ पासून आहे, तिच्या राज्य शाखेकडे सल्ला मागता येतो. सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेव. पण हेही लक्षात घे की खोट्या नोट्स पुढे कधी उघडकीला आल्या, आणि व्हायलवरच्या एका प्रश्नातून त्या येऊ शकतात, तर तेव्हा तुझ्या बाजूने उभं राहायला कुणाकडेच कारण उरणार नाही. आज इनचार्ज सिस्टरकडे आहे. सगळ्या वॉर्डासमोर ज्यांनी आठ महिन्यांच्या पोरीला पाठीशी घातलं, त्या खरं कळल्यावर चार दिवस बोलणार नाहीत कदाचित, पण तुला वाऱ्यावर सोडतील असं मला वाटत नाही.

हात थरथरतो म्हणालीस. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं होतं की अशा चुकीचा पहिला बळी पेशंट असतो आणि दुसरा बळी ती चूक ज्याच्या हातून झाली तो डॉक्टर किंवा नर्स. झोप न लागणं, तेच ते दृश्य डोळ्यांपुढे येणं, तीन तीनदा तपासूनही खात्री न वाटणं, हे अनेकांना होतं. घरी कुणाशी तरी बोल. आठवडे गेले तरी हेच राहिलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि वॉर्डात थरथर लपवू नकोस. इन्शुलिन भरलं की व्हायल आणि सिरिंज दोन्ही सोबतच्या सिस्टरपुढे धर. डोस तू सांगू नकोस, तिला केसपेपर बघून वाचू दे, व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजचा रंग तिला मोठ्याने म्हणू दे. ती 'बरोबर' म्हणाली की तिला थँक्यू म्हण आणि मगच पेशंटकडे जा.